मदत हवी आहे: ओसीडीसाठी मेंदूची शस्त्रक्रिया

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. धाकट्या भावाला १२ वर्षांपासून ओसीडी आहे, म्हणजे तेच तेच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघालीत. चार दिवसांनी नळ येतो, पण भरून ठेवलेलं पिंप तो दुपारपर्यंत रिकामं करतो. गोळ्या, थेरपी सगळं झालं. आता डॉक्टरांनी डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) सुचवलंय. मेंदूत बारीक तारा, छातीत बॅटरी, तिच्यातून मेंदूला सौम्य करंट. आई ऐकूनच रडायला लागली. तिला वाटतं, माणूस दगड होईल. १९३५ साली पोर्तुगालच्या डॉ. मोनिझ यांनी सुरू केलेल्या, मेंदूच्या पुढच्या भागातले जोड तोडणाऱ्या शस्त्रक्रियेने, म्हणजे पुढे लोबोटॉमी म्हणून ओळखल्या गेलेल्या उपचाराने, अनेकांचं तसं झालंही. पण डीबीएसचा करंट कमी-जास्त करता येतो, बंदही करता येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजारावरच्या शस्त्रक्रियेला रुग्णाची स्वतःची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मंजुरी लागते.

पुण्या-मुंबईत कुणी ओसीडीसाठी हे केलंय का? मंजुरीला किती दिवस लागले? बॅटरी बदलायला खर्च किती आला? आईशी फोनवर बोलाल का कुणी?