मदत हवी आहे: स्टाउटमधला आंबटपणा भाजलेल्या बार्लीचा की बिघाडाचा?

पुण्यातल्या एका ब्रूपबचा (स्वतः बिअर बनवणारा पब) ओटमील स्टाउट, म्हणजे भाजलेल्या बार्लीची, ओट्स घातलेली काळी बिअर, आम्ही तिघे बीजेसीपी या बिअर-परीक्षक संस्थेच्या ५० गुणांच्या तक्त्यावर तपासतोय (वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण छाप १०). पहिले दोन कप्पे सुटसुटीत गेले. रंग जवळजवळ काळा, फेस कॉफीवरच्या सायीसारखा तपकिरी, वासाला कोको आणि किंचित करपलेली पोळी. (करपलेली म्हणजे चांगल्या अर्थाने!)

अडलंय चवीवर. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना कोकमासारखा आंबटपणा लागतो आणि रेंगाळतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या जाणवत नव्हता, ग्लास १२ अंशांपर्यंत आल्यावर ठळक झाला. व्हिनेगर किंवा लोण्याचा वास नाही. दोन घोटांमध्ये साधे कुरमुरे आणि पाणी घेऊन पाहिलं, ग्लास बदलला, चार दिवसांनी तिथेच नळावरून पुन्हा घेतला. तसाच. पीएच पट्टी बुडवली तर बिअरच्या रंगाने तीच काळवंडली, वाचणार काय! मीटर नाही, प्रयोगशाळेत देणंही शक्य नाही.

भाजलेल्या बार्लीमुळे थोडी आम्लता येतेच, हे माहीत आहे. पण ओट्सचा मऊपणा झाकून टाकेल इतकी? एक मित्र चवीला १५ देतो, मी ९. ब्रूअरला विचारण्याआधी आमचं मत पक्कं करायचंय.

फक्त जिभेच्या आणि नाकाच्या जोरावर हे दोन आंबटपणे वेगळे कसे ओळखता? आणि तो भाजल्याचाच निघाला, तर ओटमील स्टाउट म्हणून गुण कापायचे का?