नोटॅम कुठून वाचायला सुरुवात करावी? क्यू ओळ आणि वेळ, दोन्हीकडे गोंधळ होतोय

खारघर_सेक्टर१२
सीपीएलच्या (व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या) लेखी परीक्षेची तयारी चालू आहे. नोटॅममधले (धावपट्टी बंद असणं, अडथळे वगैरे वैमानिकांना कळवणाऱ्या अधिकृत सूचनेतले) क्यू, ए, बी, सी, डी, ई हे रकाने पाठ आहेत, पण अख्खा नोटॅम समोर आला की सुचत नाही. हा सरावाचा नमुना आहे, खरा नोटॅम नाही:

ए०४१२/२६ नोटॅमएन
क्यू) व्हीएबीएफ/क्यूएमआरएलसी/आयव्ही/एनबीओ/ए/०००/९९९/१९०५एन०७२५२ई००५
ए) व्हीएबीबी बी) २६०२०९१९३० सी) २६०२२८२३३०
डी) डीएलवाय १९३०-२३३०
ई) आरडब्ल्यूवाय १४/३२ सीएलएसडी ड्यू डब्ल्यूआयपी

धावपट्टी ९ तारखेला बंद धरायची की १० ला? आणि क्यू ओळीतून नक्की काय घ्यायचं?

पारसिक_टॉवर
क्यू ओळ शेवटी वाचा. ती मुख्यतः संगणकाला नोटॅम गाळता यावेत म्हणून असते. वाचायचा क्रम ए, ई, मग बी-सी-डी. म्हणजे कुठे, काय, कधी. इथे कुठे तर मुंबई विमानतळ, काय तर काम चालू असल्यामुळे १४/३२ बंद.

आता वेळ. बी आणि सी मध्ये वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट असे दोन-दोन आकडे असतात आणि सगळं यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपली वेळ त्यात साडेपाच तास मिळवून येते. ९ फेब्रुवारीचे १९३० म्हणजे आपल्याकडे १० तारखेची रात्रीची १ ची वेळ. २८ फेब्रुवारीचे २३३० म्हणजे १ मार्चची पहाटेची ५ ची वेळ, म्हणजे महिनासुद्धा बदलला. मधल्या काळात रोज रात्री १ ते ५ बंद. दिवसा ही धावपट्टी या नोटॅममुळे बंद नाही.

गफलत होते ती बोलीभाषेमुळे. ९ तारीख सोमवार आहे. आपण "सोमवारी रात्री बंद" म्हणतो, पण आपल्या घड्याळात तेव्हा मंगळवार लागलेला असतो. डी मध्ये वारांची नावं आली तर तेही यूटीसीचेच वार. यूटीसी १८३० नंतरचं काहीही दिसलं की आपली तारीख एकने पुढे, हे कागदावर लिहूनच काढा, तोंडी नको. आणखी एक पडताळा: डी मधल्या पहिल्या सत्राची सुरुवात बी शी जुळली पाहिजे आणि शेवटच्या सत्राचा शेवट सी शी. इथे दोन्ही जुळतात.

क्यू ओळ थोडक्यात: मुंबई एफआयआर (मुंबईच्या अखत्यारीतलं हवाई क्षेत्र), एमआर म्हणजे धावपट्टी, एलसी म्हणजे बंद, आयएफआर (उपकरणांवर) आणि व्हीएफआर (नजरेने) उडणाऱ्या दोघांसाठी, एनबीओ म्हणजे वैमानिकाच्या तात्काळ लक्षात आणायचं, उड्डाणपूर्व माहितीत घालायचं आणि उड्डाणाच्या दृष्टीने महत्त्वाचं, ए म्हणजे विमानतळापुरतं. ०००/९९९ म्हणजे उंचीची मर्यादा दिलेली नाही. शेवटी मध्यबिंदू आणि ५ सागरी मैलांची त्रिज्या.

ऐरोलीकर
त्या शेवटच्या आकड्यांवर थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे होते. ०७२५२ई म्हणजे ७२ अंश ५२ मिनिटं, ७२.५२ अंश नव्हे. दशांशात ते ७२.८६७ होतं.

ई मध्ये क्रेनची जागा येते तेव्हा सेकंदही असतात. समजा ऐरोलीतल्या क्रेनसाठी १९०९१२एन ०७२५९४५ई दिलंय. ५९ ला ६० ने भागा, ४५ ला ३६०० ने, दोन्ही ७२ मध्ये मिळवा: ७२.९९५८. तसंच अक्षांश १९.१५३३. हे न करता नकाशात थेट ७२.५९४५ टाकलंत तर क्रेन ४२ किलोमीटर पश्चिमेला, भर अरबी समुद्रात दिसेल. मग "हा आपल्या वाटेवर नाही" म्हणून नोटॅम बाजूला पडतो. चूक एवढी मोठी असूनही लक्षात येत नाही, कारण नकाशा काही तक्रार करत नाही.

उंचीचंही तसंच. समजा क्रेन ९५ मीटर एजीएल (जमिनीपासून), १२८ मीटर एएमएसएल (समुद्रसपाटीपासून). पारसिक डोंगराच्या उतारावर जमीनच उंच, म्हणून हा फरक. अल्टिमीटरवर (उंचीमापकावर) क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा दाब, लावलेलं असेल तर एएमएसएलशीच तुलना करायची, आणि मीटरचे फूट करून: १२८ मीटर म्हणजे ४२० फूट. क्यू ओळीत मात्र वरची मर्यादा ००५, म्हणजे ५०० फूट दिसेल. ती शंभर फुटांत वर गोल केलेली असते. अचूक आकडा ई मधलाच.

ठाणे_पूर्व_०७
सी मध्ये तारखेपुढे ईएसटी असेल तर ती अंदाजे वेळ. ती उलटली की नोटॅम संपला असं समजायचं ना?

पारसिक_टॉवर
नाही, हे अगदी उलट आहे. ईएसटी असलेला नोटॅम आपोआप संपत नाही. तो बदलणारा नोटॅमआर किंवा रद्द करणारा नोटॅमसी येईपर्यंत लागूच धरायचा. आपोआप संपतो तो ईएसटी नसलेला. पीईआरएम असेल तर बदल कायमचा, पुढे एआयपीमध्ये, म्हणजे देशाच्या कायमस्वरूपी हवाई माहिती पुस्तिकेत जातो.

खारघर_सेक्टर१२
तारखेचं आता पक्कं झालं. पण उड्डाणापूर्वीच्या खऱ्या ब्रीफिंगमध्ये पंचवीस-तीस पानं असतात. सगळं एवढं सोडवत बसायचं?

ऐरोलीकर
सगळं वाचायचं, पण क्रमाने. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं विमान धावपट्टी समजून टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावर) उतरू लागलं होतं. तिथे चार विमानं उभी होती. शेजारची २८एल धावपट्टी बंद असल्याचा नोटॅम त्यांच्याकडे होता, २७ पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर. उतरायच्या वेळी तो दोघाही वैमानिकांच्या लक्षात नव्हता.

म्हणून आधी फक्त धावपट्ट्या: बंद, आखूड केलेल्या, दिवे नसलेल्या. मग आयएलएस (उतरताना दिशा आणि उतार दाखवणारी रेडिओ यंत्रणा) आणि इतर अप्रोच साधनं. मग वाटेतली बंद हवाई क्षेत्रं, त्यात एफ आणि जी या रकान्यांमध्ये खालची-वरची मर्यादा मिळते. मग टॅक्सीवे, शेवटी क्रेन. आपल्या पोहोचण्याच्या वेळेला लागू असलेल्या नोटॅमवर खूण करा आणि अप्रोच ब्रीफिंगच्या आधी तेवढेच पुन्हा बघा.

पर्यायी विमानतळ म्हणून नवी मुंबई धरला असेल तर त्याची यादी वेगळी काढा. मुंबईची व्हीएबीबी या कोडखाली, नवी मुंबईची व्हीएएनएम. एकीच्या यादीत दुसरीची बंद धावपट्टी दिसणार नाही.