इंडिगो रंगाच्या भिंतीला मराठीत काय म्हणायचं? पारवा, नीळ की इंडिगोच?

अक्षरवेल : घराच्या आतल्या रंगकामावरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. त्यात अख्खं प्रकरण इंडिगोवर आहे. कुठल्या खोलीत लावावा, छत पांढरं ठेवावं की तेही रंगवावं, सोबत कुठलं लाकूड शोभेल, वगैरे. मी बिनधास्त सगळीकडे 'पारवा' लिहिलं, तानापिहिनिपाजामधला 'पा'. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी लाल खुणा करकरून परत पाठवला. त्यांचं म्हणणं, पारवा म्हणजे फिकट राखाडी, जरा निळ्याकडे झुकलेला, आणि त्या रंगाची साडी त्यांच्या कपाटात आहे. 'पारव्या भिंतींनी खोलीला रात्रीची खोली येते' हे वाक्य वाचून त्या हसल्या म्हणे. आता काय घालू? 'गडद निळा' चालणार नाही, पुढच्याच पानावर नेव्ही ब्लू वेगळा दाखवलाय.

जुनीवही : बाईंचं बरोबर आहे. पारवा हा संस्कृत 'पारावत'चा वंशज, म्हणजे कबुतर. त्याच्या पाठीचा जो करडा-निळसर रंग तो पारवा. साड्यांच्या दुनियेत हा शब्द याच अर्थाने टिकून आहे. इंद्रधनुष्यातला सहावा रंग भरायला कुणाला तरी शब्द हवा होता, म्हणून तो तिथे बसवला, आणि आपण सगळ्यांनी पाठ केला.

तिरकी रेघ : पाठच का बघायची? मान बघा की! तिथे हिरवी-जांभळी चमक असते. नाव मानेवरून पडलं असेल तर पारवा = इंडिगो अगदी चपखल आहे.

जुनीवही : मानेवरची ती चमक रंगद्रव्याची नव्हेच. पिसातल्या पातळ थरांवरून प्रकाश परतताना ती दिसते, कोन बदलला की हिरव्याचं जांभळं होतं. असल्या फिरत्या रंगाच्या नावाने कोण कापड मागेल?

खोडरबर : माझा भाऊ आजही 'पा' म्हणजे पांढरा असं ठासून सांगतो. मधेच पांढरा कुठून आला हे विचारलं की म्हणतो, ढगातून.

लोलक : मुळात त्या सहाव्या रंगाचाच घोळ आहे. न्यूटनने इंद्रधनुष्यी रंगांच्या पट्ट्याचे सात भाग केले ते सप्तकातल्या सात स्वरांशी जुळवायला. १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये सातांत इंडिगो आहे. पुष्कळ लोक त्या पट्ट्यात निळा आणि जांभळा यांच्यामध्ये वेगळं काही पाहूच शकत नाहीत. असंही मानतात की त्याचा 'निळा' म्हणजे आपला आकाशी आणि त्याचा 'इंडिगो' म्हणजे आपला सरळ निळा. म्हणजे तुमचा 'पा' हा मुळातला 'नि' निघायचा.

जुनीवही : आणि गंमत बघा. विज्ञानाच्या तासाला इंडिगो म्हणजे पारवा. इतिहासाच्या तासाला तोच इंडिगो म्हणजे नीळ. १९१७ चा चंपारण्याचा लढा नीळ पिकवायच्या सक्तीविरुद्ध होता, तिथे कुणी 'पारव्याची शेती' म्हणत नाही. शब्द आपल्याकडे होताच, फक्त दुसऱ्या पुस्तकात होता. अक्षरवेल, 'नीळ' वापरा.

अक्षरवेल : वापरून पाहिला. 'नीळ' हे नाम, त्याचं विशेषण कसं करू? 'निळी भिंत' लिहिलं की साधी निळी झाली. 'निळीची भिंत' म्हणजे निळीच्या पुड्या रचून बांधलेली. 'नीळरंगी' लिहिलं तर तपासनीस बाई म्हणाल्या, नाटकाच्या जाहिरातीसारखं वाटतं.

तिरकी रेघ : शिवाय नीळ म्हटल्यावर लोकांना कपड्यांची नीळ आठवते. ती बहुधा अल्ट्रामरीन नावाचं वेगळंच निळं द्रव्य असते, इंडिगो नव्हे. पांढऱ्यात चिमूटभर टाकली की पिवळेपणा मारते. म्हणजे नीळ हा शब्द ऐकून निम्मे वाचक पांढरीशुभ्र भिंत डोळ्यासमोर आणतील.

शब्दकीटक : नीळ हा शब्द नाईल नदीवरून आलाय. निळं पाणी, साधी गोष्ट.

जुनीवही : साधी म्हणून खरी नव्हे. संस्कृतात 'नील' आणि 'नीली' जुने आहेत, नीली हे झाडाचंच नाव. तिथून फारसीत नील, अरबीत 'अन्-नील', पोर्तुगीजांकडे 'अनिल'. त्यावरून पुढे 'अनिलीन', कारण ते रसायन आधी निळीच्या ऊर्ध्वपातनातून मिळालं. उलट 'इंडिगो' म्हणजे ग्रीकांच्या भाषेत 'भारतातलं'. आपण आपल्याच मालाला 'भारतातलं' म्हणून परत आणतोय, यावर शुद्धतावाद्यांनी रडायचं की हसायचं?

शब्दकीटक : अनिल म्हणजे वारा. कापड वाऱ्यावर वाळवतात म्हणून अनिलीन. मी हेच मानणार.

चुनाकळी : शब्द चालू द्या, डब्यात काय असतं ते सांगतो. मी रंगकामाची कंत्राटं घेतो. 'इंडिगो' नावाच्या भिंतीच्या रंगात नीळ जवळजवळ कधीच नसते. नीळ पाण्यात विरघळत नाही. कापड रंगवताना आधी तिचं क्षपण करतात, म्हणजे रासायनिक क्रियेने तिला विरघळणाऱ्या रूपात आणतात, कापड पिवळट-हिरवं बाहेर निघतं आणि हवेत निळं होतं. भिंतीवर हा खटाटोप कोण करणार? भिंतीच्या डब्यात थॅलो निळा (एक कृत्रिम रंगद्रव्य), थोडा जांभळा, थोडा काळा असं मिश्रण असतं. म्हणून दोन कंपन्यांचे इंडिगो कधी जुळत नाहीत. एकाची झाक लालसर, दुसऱ्याची हिरवट. लालसर झाकेचा पिवळ्या दिव्याखाली वांग्याकडे जातो, हिरवट झाकेचा काळपट पडतो. आणि ताज्या, ओल्या प्लास्टरवर प्रशियन निळा असलेला रंग कधी मारू नका. चुन्याच्या क्षाराने तो तपकिरी होतो.

गडद रंगाच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगद्रव्य मिसळतात त्या तयार रंगात, पांढरं द्रव्य, टायटॅनियम डायऑक्साइड, कमी असतं, म्हणून तो खालचं झाकत नाही. पांढऱ्या अस्तरावर चार हात मारूनही पट्टे दिसतात. अस्तरच राखाडी करून घ्या, दोन-तीन हातांत काम होतं. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या रंगावर बोट घासलं तरी पांढुरका चट्टा उठतो आणि नंतर ब्रशने ठिगळ लावलं की ठिगळ लांबून दिसतं. जिथे माणसांची ये-जा आहे तिथे सॅटिन घ्या, पण मग लांबी (पुट्टी) नीट भरा, कारण चकाकीत प्रत्येक उंचवटा उघडा पडतो. आणि कार्डावरच्या चिमुकल्या चौकोनावर विश्वास ठेवू नका. हातभर पुठ्ठ्यावर दोन हात मारा, तो पुठ्ठा सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. गडद इंडिगो अंगावर पडलेल्या प्रकाशातला दहावा भागही परत देत नाही. खिडकी लहान असेल तर दिवसाही दिवा लागेल हे आधी कबूल करा.

अक्षरवेल : चुनाकळी, तुमची ही टिप्पणी मूळ पुस्तिकेपेक्षा बरी आहे. पण तुमच्याकडे लोक काय नावाने मागतात?

चुनाकळी : नंबर सांगतात. फार तर 'तो शाईसारखा'.

तिरकी रेघ : शाईनिळा! हा घ्या शब्द.

जुनीवही : शाई मूळ फारसी 'सियाही', म्हणजे काळेपणा. शाईनिळा म्हणजे व्युत्पत्तीने काळानिळा, आणि काळंनिळं माणूस मार खाल्ल्यावर पडतं.

खोडरबर : काळीनिळी बैठकीची खोली. मी राहीन तिथे.

लोलक : सध्याच्या गोंधळात पडद्यांचाही हात आहे. वेबवर 'इंडिगो' या नावाने जो रंग ठरलाय त्यात लाल ७५, हिरवा शून्य, निळा १३०. तो बघाल तर चक्क जांभळा आहे. तो बघून वाढलेल्या मुलाला निळीने रंगवलेलं कापड दाखवा, तो म्हणेल हा इंडिगो नाहीच.

परीघ : मी पूर्णपणे 'इंडिगो'च्या बाजूने. भिंत रंगवणारा वाचक दुकानात जाऊन इंडिगो म्हणणार. पुस्तकात नीळरंगी वाचून त्याने तिथे काय मागायचं? मॅट, सॅटिन, प्रायमर चालतात, मग इंडिगोचंच वावडं का?

जुनीवही : प्रायमरला अस्तर आहे, वर चुनाकळींनी वापरलाही. पुट्टीला लांबी आहे. कारागिरांनी शब्द ठेवलेत, पुस्तकवाल्यांनी टाकले.

परीघ : कारागिरांनी इंडिगोसाठी शब्द ठेवलेला नाही, हेही त्यांनीच वर सांगितलं. नंबर सांगतात.

जुनीवही : तो रंगाच्या कंपन्यांनी लावलेला आजार आहे.

अक्षरवेल : बरं, आणखी एक अडचण. 'अंडरटोन'ला मी 'छटा' केलं होतं, ते 'शेड'लाही छटाच येतंय. 'झाक' घेऊ का? 'लालसर झाकेचा इंडिगो' वाचायला बरं वाटतंय. म्हणजे निदान निम्मं वाक्य मराठी.

चुनाकळी : झाकच. दुसरं काही म्हणालात तर रंगाऱ्याला कळणार नाही.

शब्दकीटक : झाक हे 'झाकणे'वरून. खालचा रंग वरच्याने झाकलेला असतो ना.

जुनीवही : उलट आहे! झाक म्हणजे जे झाकलं न जाता दिसतं ते. तुम्ही एकदा तरी कोश उघडा हो.

तिरकी रेघ : मी तरीही पारव्यासाठी भांडणार. शाळेत शिकलेल्या हजारो लोकांच्या डोक्यात पारवा म्हणजे इंडिगो बसलाय. वापराने अर्थ बदलतो, हे तुम्हीच एरवी सांगता. साडीच्या पारव्याने भिंतीचा पारवा का अडवावा?

जुनीवही : डोक्यात बसलाय खरा, पण डोळ्यात बसलेला नाही. पाठ करणाऱ्यांपैकी एकाला तरी रंगीत खडूंच्या पेटीतून पारवा काढून दाखवायला सांगा.

खोडरबर : भावाला सांगितलं. त्याने पांढरा काढला.

अक्षरवेल : मजकूर उद्या द्यायचाय. तूर्त पहिल्या उल्लेखात 'इंडिगो, म्हणजे निळीचा गडद रंग' आणि पुढे नुसता इंडिगो, असं करून पाठवते. कुणाची हरकत?

लोलक : हरकत नाही, पण ज्या यादीतून हे सुरू झालं तिचा पहिला शब्दही तपासा की. 'ता' तांबडा. तांबडा म्हणजे लाल का? तांब्याचा रंग लाल आहे का?

जुनीवही : तांबडं फुटलं म्हणतो तेव्हा आभाळ लाल नसतं, केशरी असतं.

परीघ : तांबडी माती बघा, ती तर विटकरी.

शब्दकीटक : तांबडा हा तांबूलावरून आलाय. विडा खाल्ल्यावर तोंड होतं तो.