मदत हवी आहे: आरोपांच्या सरबत्तीला उत्तर कसं द्यायचं?

राजकीय वादात "मग त्यांच्या काळात तुम्ही कुठे होतात?" हा प्रश्न आला तर मला निभावता येतं. तेव्हाचंही चूक, आताचंही चूक, आता मुद्द्यावर या, एवढं पुरतं. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी.

समोरचा एका दमात सात-आठ आरोप करतो. काही धादांत खोटे, काही अर्धवट खरे, एखादा अगदी बरोबर. मी पहिल्याचा आकडा खोडून काढेपर्यंत तो तिसऱ्यावर पोचलेला असतो आणि शेवटी सगळ्यांसमोर म्हणतो, "बघा, बाकीच्यांवर उत्तरच नाही." या डावपेचाला 'गिश गॅलप' म्हणतात. उत्क्रांतिवादाचे विरोधक ड्वेन गिश यांच्या वादशैलीवरून मानवशास्त्रज्ञ युजिनी स्कॉट यांनी १९९४ मध्ये हे नाव दिलं. आरोप करायला एक वाक्य लागतं, खोडायला पुरावा, संदर्भ आणि ऐकणाऱ्याचा धीर लागतो. खरी गोम तिथेच आहे.

सगळ्यात कच्चा आरोप निवडून त्यालाच धरून बसावं, असं काही जण सुचवतात. पण मग सोयीचं तेवढंच उचललं असं दिसतं, आणि मला तो आक्षेप रास्त वाटतो. सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घ्यावा का? की हा डावपेच चालू आहे हेच थेट बोलून दाखवावं?

समोरच्याचं मत बदलणार नाही, हे मला मान्य आहे. मला काळजी आहे ती गप्प बसून ऐकणाऱ्यांची. वादसभा किंवा चर्चा चालवण्याचा अनुभव असलेल्यांनी नेमकी कोणती वाक्यं वापरली, ते कृपया सांगा.