चढावर गिअर सारखा बदलतोय, म्हणजे बिघाडच?

ट्रेलर जोडून चढ चढताना पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पाचव्या-सहाव्यात सारखा घुटमळतो म्हणजे तो गेलाच, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. ओझं वाढल्यावर वरच्या गिअरमध्ये ताकद कमी पडते, गाडी खालचा गिअर टाकते. वेग सावरला की पुन्हा वरचा. खरी काळजी वेगळीच आहे. इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. या घालमेलीत त्याचं लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, वारंवार सुटतं. ते सुटलं की इंजिनाची ताकद फक्त तेलातून पुढे जाते, तेल घुसळलं जातं आणि तापतं. गिअरबॉक्स मरतो तो बहुतेकदा या उष्णतेनेच.

म्हणून टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग) चढ लागायच्या आधीच लावा. त्यात वरचा गिअर उशिरा पडतो आणि उतारावर इंजिन ब्रेकिंगही मिळतं, म्हणजे इंजिनच गाडीचा वेग आवरतं. मोड नसेल तर वरचे गिअर हाताने अडवा. आरपीएम वाढले म्हणून घाबरू नका, इंजिन कण्हत ओढण्यापेक्षा मोकळं फिरलेलं बरं. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान १२० अंश सेल्सिअसकडे सरकू लागलं तर मात्र बाजूला घ्या आणि पार्कमध्ये टाकून इंजिन चालू ठेवा, म्हणजे कूलरमधून तेल फिरत राहील.

ट्रेलर नसताना सपाट रस्त्यावरही असंच होत असेल, तर गाडी दाखवून घ्याच.