वॅगनआरच्या इंजिनातून टिकटिक आवाज, कोणी नीट सांगेल का?

मनीषनगरवाला
सकाळी गाडी स्टार्ट केली की इंजिनातून टिक टिक टिक असा आवाज येतो, शिलाई मशीन चालू असल्यासारखा. गरम झाल्यावर कमी होतो पण पूर्ण जात नाही, अन् वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना ॲक्सिलेटर दाबला की परत जोरात. एक मेकॅनिक म्हणते टॅपेट (वाल्व दाबणारा भाग), दुसरा म्हणते इंजिनच खोलावं लागेल, खर्च ऐकून डोकं फिरलं. रविवारी आईला घेऊन अमरावतीला जायचं आहे. लवकर सांगा, गाडी काढू की नको?

संत्रानगरी
ऑइल टाक भाऊ. घट्टवालं २०डब्ल्यू-५० टाकून पाय, नागपूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकतच नाही. माझ्या जुन्या झेनचा असाच आवाज त्याने बंद झाला.

हिंगणा_टर्नर
कोणत्या सालची? किती किलोमीटर झाले? डिपस्टिक पाहिली का? ऑइलचा दिवा लागतो का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार. अन् संत्रानगरी, वॅगनआरच्या के-सिरीज इंजिनाला २०डब्ल्यू-५० सांगू नका हो. घट्ट ऑइल सकाळी वर हेडपर्यंत उशिरा पोचते, तेवढा वेळ वाल्व उघडणारा कॅमशाफ्ट कोरडा घासते. बाहेर ४५ डिग्री असो की २०, थर्मोस्टॅट आहे म्हणून चालत्या इंजिनाचं तापमान साधारण तेवढंच राहते. म्यानुअलमधला ग्रेडच टाकायचा.

मनीषनगरवाला
२०१३ ची, पेट्रोल. ऑइल दोन खुणांच्या मधी आहे, बदलून जास्त दिवस नाही झाले. दिवा लागत नाही. ऑइलचं नाही आहे ते.

धरमपेठ_दादा
टॅपेटच आहे, डोळे झाकून सांगतो. सेटिंग करून घ्या, वाल्वचा गॅप मारून देतात, अर्ध्या तासाचं काम.

हिंगणा_टर्नर
दादा, ते मारुती ८०० मधी. तिथे स्क्रू होता, फीलर गेज घालून गॅप सेट व्हायचा. याच्या के१०बी इंजिनमधी बकेट टॅपेट आहेत, वाटीसारखे, स्क्रू नाही, गॅप चुकला तर कॅमशाफ्ट काढून वेगळ्या जाडीचा टॅपेट बसवावा लागते. अर्ध्या तासात कोणी करून देतो म्हणाला तर समजून घ्या. मनीषनगरवाले, गाडीला सीएनजी आहे का?

मनीषनगरवाला
हो आहे ना, सिक्वेन्शियल किट आहे, प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टरवालं. त्याचा काय संबंध? गाडी पुण्याहून घेतली तेव्हापासून आहे.

संत्रानगरी
नागपुरात सीएनजी?? २०२२ मधी १२० रुपये किलोपर्यंत गेला होता इथे, पेट्रोलच्या बरोबरीला. काढून टाक ते किट, डिक्की तरी मोकळी होईल.

कोराडीरोड
सीएनजीनेच वाल्व खराब झाले असतील. कोरडा गॅस, वाल्व सीट झिजते, टॅपेट ढिले होतात. आमच्या शेजाऱ्याचं तसंच झालं, हेड उतरवलं.

हिंगणा_टर्नर
सीट झिजते हे बरोबर, पण मग गॅप वाढत नाही, कमी होतो. सीट झिजली की वाल्व वर सरकते अन् कॅमच्या जवळ येते. आवाज उलट कमी होतो, म्हणूनच ते धोक्याचं, समजतच नाही. हां, गॅस इंजेक्टर मात्र टिकटिक करतात, ते नॉर्मल आहे. पण सिक्वेन्शियलवाली गाडी थंड असताना पेट्रोलवरच सुरू होते, अन् यांचा आवाज इंजिन थंड असतानाच जास्त आहे. म्हणजे गॅस इंजेक्टर नाही. दाबल्यावर वाढतो म्हणजे कुठून तरी प्रेशर निसटून राहिलं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (धुराच्या पाइपच्या जोडाचं) गॅस्केट नाहीतर स्पार्क प्लग. प्लग कधी बदलले?

मनीषनगरवाला
मागच्या महिन्यात. सीएनजीवर मिसिंग होत होतं, इंजिन अडखळायचं, म्हणून तिन्ही बदलून घेतले एका गॅरेजमधी. पण मिसिंग तर गेलं, म्हणून लिहिलं नव्हतं.

हिंगणा_टर्नर
आवाज त्याच्यानंतरच सुरू झाला का?

मनीषनगरवाला
हो, त्याच आठवड्यात.

हिंगणा_टर्नर
मग आधी तेच पाहा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढला तर आटे जातात. प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीवर हवा मारून कचरा उडवा, नाहीतर सिलिंडरमधी पडते. मग प्लगवरची, ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल काढून टॉर्चने आत पाहा. काळी काजळी दिसली, प्लगच्या वॉशरखाली काळं दिसलं, तर तिथून गॅस निघत होता. प्लगच्या पांढऱ्या भागावर तपकिरी पट्टा दिसला तर घाबरू नका, तो चांगल्या प्लगलाही येतो.

धरमपेठ_दादा
एक एक कॉइल काढून आवाज पाहा ना, सोपं आहे.

हिंगणा_टर्नर
कॉइल नको, पेट्रोल इंजेक्टरचा कनेक्टर काढा. कॉइल काढली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटकॉनमधी जाते अन् तो खराब होते. ज्या सिलिंडरला आवाज मरतो, तो दोषी.

मनीषनगरवाला
पाहिलं. मधला प्लग हाताने फिरला!! विहिरीत पूर्ण काजळी, कॉइलचं रबर खालून काळं पडलं आहे. आता तसाच घट्ट करू का?

हिंगणा_टर्नर
तो नका वापरू, गरम गॅस खाऊन वॉशर बसलेला असते. नवीन आणा, बोटांनी पूर्ण बसवा, बोटांनी जात नसेल तर आटे तिरके लागले, तिथेच थांबा. बसल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा, बस. बाकीचे दोन पण तपासा, ज्याने एक ढिला ठेवला त्याने ते नीट केले असतील कशावरून. रबराला चीर असेल तर तेही बदला, नाहीतर परत मिसिंग.

कोराडीरोड
माझी i१० पण टिकटिक करते, तिचाही प्लगच असेल का?

हिंगणा_टर्नर
नवीन धागा काढा, सगळं लिहा, सालापासून.

मनीषनगरवाला
नवीन प्लग बसवला, रबर पण बदललं. बाकी दोनपैकी एक थोडा ढिला होता, तो पण नवीन टाकला. सकाळची टिकटिक पूर्ण बंद, पुलावर पण दाबून पाहिलं, काही नाही. गॅसवर गेल्यावर बारीक टिकटिक आहे.

हिंगणा_टर्नर
ते इंजेक्टर. जा अमरावतीला.