कामाचे मुक्काम धरून केलेला लांबचा प्रवास : तुमचे अनुभव लिहा

मी २८ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. पुढच्या वर्षी ती सोडून दीड-दोन वर्षं बाहेर पडायचं ठरवते आहे. थायलंड, मलेशिया, मग ऑस्ट्रेलियात वर्षभर काम, तिथून ब्रिटन आणि जमेल तसा युरोप. यूट्यूबवर जे दिसतं ते बहुतेक जर्मन नाहीतर ब्रिटिश मुलांचं. त्यांचा पासपोर्ट वेगळा, आपला वेगळा. मला उपयोगी वाटले ते दोन मार्ग : ऑस्ट्रेलियाचा ४६२ व्हिसा (वर्षभर फिरता फिरता काम करू देणारा; भारतीयांना २०२४ पासून खुला, वर्षाला १००० जागा) आणि ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स स्कीम (दोन वर्षं तिथे राहून काम करायचा व्हिसा; २०२३ पासून, वर्षाला ३०००). दोन्हींना वय १८ ते ३०, दोन्हींना म्हाडासारखी सोडत.

एजंटांची माहितीपत्रकं वाचून झाली आहेत. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा. कुठे अडलात, आधी काय करायला हवं होतं, हातात किती उरलं. घरी काय सांगितलंत तेही लिहा, कारण माझं तिथेच अडलंय.

*सोलापूर, सध्या लीड्स*

ताई, आधी क्रमाबद्दल बोलतो. मी नकाशा समोर ठेवून पूर्वेकडून पश्चिमेकडे असा क्रम लावला होता. तो सगळा मोडला. शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि साधारणपणे तुम्ही जिथे कायदेशीर राहता तिथूनच. म्हणजे दीड वर्षाच्या प्रवासाचे सगळे व्हिसा मुंबईतून घेऊन निघणं शक्यच नाही. बँकॉकमध्ये पर्यटक म्हणून थांबून अर्ज करू असं मी धरलं होतं. तो घेतलाच नाही आणि पुढचं तिकीट वाया गेलं.

ब्रिटनमध्ये राहायला लागल्यावर तोच अर्ज मँचेस्टरमधून केला. पगाराच्या पावत्या आणि घरभाड्याचा करार जोडला, व्हिसा मिळाला. कामाचा मुक्काम म्हणजे पैसे साठवायची जागा एवढंच मी धरून चाललो होतो. पण तुम्ही तिथले रहिवासी झालात की पुढच्या देशांचे अर्ज तिथून करता येतात, ही त्याची खरी किंमत. म्हणून आधी सोडत. ती लागली की तिच्याभोवती बाकीचे देश बसवा. सोडतीआधी एकही विमान तिकीट काढू नका.

इथली सोडत फेब्रुवारी आणि जुलैमध्ये असते, दोनच दिवस उघडी, नोंदणीला पैसे नाहीत. मला तिसऱ्या खेपेला लागली. पदवी लागते. २५३० पौंड सलग २८ दिवस खात्यात दिसले पाहिजेत, मध्ये एक दिवस कमी पडले तरी मोजणी पहिल्यापासून. आरोग्य अधिभाराने (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) मला दचकवलं : वर्षाला ७७६ पौंड, आणि दोन्ही वर्षांचा एकदम, म्हणजे १५५२. व्हिसाची फी वेगळी. क्षयाची तपासणी मी मुंबईत केली, पण तुम्ही ऑस्ट्रेलियात सहा महिने राहून तिथूनच अर्ज केलात तर ती लागणार नाही.

*तासगाव, सध्या मिल्ड्युरा*

आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. मी कृषी पदवीधर. ४६२ ची सोडत लागल्यावर अर्जाला २८ दिवस मिळतात, त्यामुळे इंग्रजीची परीक्षा आणि बँकेची कागदपत्रं मी आधीच करून ठेवली होती.

घरी सांगितलं तेव्हा बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आपल्या बागेत बाया लावतो आपण, आणि तू दुसऱ्याच्या बागेत मजुरीला एवढ्या लांब जाणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई म्हणाली, जाऊ दे, काम म्हणजे कामच.

मिल्ड्युरा व्हिक्टोरिया राज्यात, मरे नदीच्या काठी. पाऊस फार थोडा, सगळं नदीच्या पाण्यावर. १८८० च्या दशकात चॅफी बंधूंनी इथे पाटपाण्याची वसाहत उभी केली. फेब्रुवारी ते एप्रिल खाण्याच्या द्राक्षांची काढणी. पहाटे सुरू करून दुपारच्या आत थांबायचं, कारण पारा ४० च्या वर जातो. घड देठाला धरायचा, मण्यांवरची लव पुसू द्यायची नाही, हे मला शिकवावं लागलं नाही. मुकादम बाईने दुसऱ्याच दिवशी मला पेट्या तपासायला उभं केलं.

पहिल्या आठवड्यात बाबांना व्हिडिओ कॉलवर ओळी दाखवल्या. त्यांनी पहिलं विचारलं, "छाटणी किती वेळा?" एकदाच, हिवाळ्यात, म्हटलं. इथे थंडीत वेल पूर्ण झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची, अशा दोन छाटण्या. मग बेदाण्यावर बोलणं गेलं. आपण घड पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर वाळवतो. इथे बऱ्याच बागांत घड असलेली काडी कापतात, तेच मिश्रण वेलीवरच फवारतात आणि द्राक्षं जागेवर वाळतात. बाबा अर्धा तास बोलत होते. त्या दिवसानंतर मजुरी हा शब्द घरात पुन्हा निघाला नाही.

पैशाचं सांगते. या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून कर, ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के. मालक जी निवृत्तिवेतनाची रक्कम भरतो ती देश सोडल्यावर मागता येते, पण तिच्यातले ६५ टक्के करात जातात. ती रक्कम हिशेबात धरूच नकोस. नगावर मजुरी असली तरी ताशी किमान रकमेची हमी २०२२ पासून आहे, ती मागायला लाजू नकोस. ठरलेल्या भागात तीन महिने असं काम केलं की दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. मी केलाय.

*रत्नागिरी*

माझं चांगलं झालं नाही, तेही इथे असायला हवं. क्वीन्सलँडमध्ये टलीजवळ केळीच्या बागेत काम मिळेल असं एका वसतिगृहाने सांगितलं. टली म्हणजे पाऊस. १९५० साली तिथे ७९०० मिलिमीटर पडला होता, त्या उंचीचा गमबूट गावात उभा केला आहे. कोकणातला असल्याने पावसाची भीती वाटली नाही. पण आठवडे गेले, भाडं दर शुक्रवारी कापलं जाई आणि काम आठवड्यातून दोन दिवस. वेतनपावती मागितली की "उद्या". पावती नाही म्हणजे ते दिवस दुसऱ्या वर्षासाठी दाखवता येत नाहीत. पाच आठवड्यांनी निघालो. साठवलेल्यातले जवळजवळ निम्मे गेले होते. मला फसवणुकीपेक्षा जास्त याचं वाईट वाटतं, की माझ्यासोबतच्या दोन तैवानी मुलींना मी "थांबू या, होईल" म्हणत राहिलो. राहण्याची जागा आणि काम एकाच माणसाच्या हातात देऊ नका. पहिली पावती हातात येईपर्यंत आठवड्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ भरू नका.

*ठाणे*

छोटीशी गोष्ट, पण मी तीन आठवडे त्यात अडकलो. भारतीय सिम बंद पडलं तर बँकेचा ओटीपी येत नाही, आणि तो आला नाही तर स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही. निघण्याआधी रोमिंग चालू करा, परदेशातून रिचार्ज कसा करायचा ते बघून ठेवा. कामासाठी बाहेर जाताय म्हणजे बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करावं लागतं, तेही निघण्याआधी शाखेत विचारा.

*डोंबिवली, दोघं नवरा-बायको*

मधल्या देशांबद्दल : आम्ही २०२५ मध्ये गेलो तेव्हा थायलंडला व्हिसा लागला नाही, ऑनलाइन आगमन कार्ड मात्र भरावं लागलं. मलेशियातही तेव्हा ३० दिवस व्हिसाशिवाय राहता आलं. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. अडवलं ते विमान कंपनीने, मुंबईतच : पुढचं तिकीट कुठे? रस्त्याने मलेशियात जाणार म्हटलं तर पटेना. काउंटरवर उभ्या उभ्या तिकीट काढलं. आणि जोडीने जाणाऱ्यांनो, ब्रिटनच्या योजनेत जोडीदाराला सोबत नेता येत नाही. दोघांना वेगवेगळी सोडत लागावी लागते. आमची एकाचीच लागली. आम्ही ती सोडली.

*पुणे, पुन्हा मी*

सगळ्यांचे आभार, रत्नागिरीच्या दादांचे विशेष. क्रम बदलला आहे : दोन्ही सोडतींत नाव टाकते, जी आधी लागेल तिच्याभोवती बाकीचं. तासगावच्या ताई, कात्री आणि हातमोजे इथून आणू का? आणि तुमचं लिहिलेलं मी आज आईला वाचून दाखवलं.

*तासगाव, सध्या मिल्ड्युरा*

कात्री मळ्यावर मिळते, हातमोजे आण, दोन जोड. खाण्याचं जे काही आणशील ते विमानातल्या कार्डावर लिही, लपवू नकोस, दंड मोठा आहे. बाबांनी वेलीवर वाळलेल्या बेदाण्याचे फोटो मागितलेत, मुळाजवळून आणि ओळीच्या दोन्ही बाजूंनी. काड्या फेब्रुवारीत कापतील, तेव्हा इथेही टाकते.